नागरी ‘हक्क’ की नागरी ‘अधिकार’?

प्रश्न : बातम्यांत हे दोन्ही शब्द दिसतात. संविधानाच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’ आहे, पण २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’. अर्थात काही फरक आहे का?

प्रतिसाद : आहे, आणि तो जपायला हवा. मराठीत ‘अधिकार’ बहुधा खुर्चीबरोबर येतो. तलाठ्याला दाखल्यावर सही करायचा अधिकार असतो; बदली झाली की तो दुसऱ्याकडे जातो. अधिकार गाजवला जातो, हक्क बजावला जातो. ‘हक्काचं घर’, ‘हक्कानं माग’ इथे ‘अधिकार’ घालून पाहा, वाक्य परकं वाटेल.

प्रतिसाद : फरक पटला. पण ‘हक्क’ हा शब्द आपल्याकडे कायम असा सगळ्यांचा नव्हता, हेही सांगायला हवं. अरबीत ‘हक’ म्हणजे सत्य, न्याय्य. फारसीमार्गे तो मराठी कागदांत आला आणि वतनाला, म्हणजे पिढीजात गावकीच्या कामाला आणि त्याच्या मोबदल्याला, चिकटला. पाटलाचे हक्क, देशमुखाचे हक्क म्हणजे त्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळणारा वाटा. महारांच्या ‘बावन्न हक्कां’ची तर कथाच आहे, ते बिदरच्या बादशहानं दिले म्हणतात. पदरात काय पडायचं? बलुतं, भाकरी, मेलेल्या जनावराचं कातडं. त्यासाठी रात्री-अपरात्री सांगावे पोचवायचे, अंमलदारांची ओझी वाहायची. नाव हक्क, आणि प्रत्यक्षात वेठ. १८७४ च्या वतन कायद्याचा या व्यवस्थेला आधार होता. बाबासाहेबांनी तो बदलण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं.

म्हणून महाडचं मोल मोठं वाटतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा, मुंबई विधिमंडळातला सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ चा; महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केलं, तेही कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. हा हक्क कुणा बादशहानं दिलेला नव्हता, त्याच्या बदल्यात कुणाची चाकरी नव्हती. ‘माणुसकीचे हक्क’ म्हणताना मला हाच अर्थ दिसतो. विरोधकांनी कोर्टात पुढे केली ती ‘वहिवाट’: पूर्वापार असंच चालत आलंय. अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ ला ठरवलं. तळ्यावर पाणी प्यायल्यानंतर दहा वर्षांनी!

प्रश्न : मग ‘हक्कसोडपत्र’ वतनातलंच का?

प्रतिसाद : नाही, ते वारसाहक्काचं. वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त. बहुतेकदा बहिणींकडून भावाच्या नावे करून घेतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांइतकाच हिस्सा दिला, तरी ‘सही करून टाक, माहेर तुटायला नको’ हे गावोगाव ऐकू येतं. तिथे दडपण असतंच.

मूळ प्रश्नाबद्दल : ‘माहितीचा अधिकार’ हे कायद्याचं नाव आहे, ते तसंच लिहावं. एरवी नागरी हक्क, मानवी हक्क. राज्याच्या आयोगाचं नावही ‘मानवी हक्क आयोग’ असंच आहे.