झाबी अलोन्सो डायरेक्ट मोठा कोच झाला का?

दारव्ह्याचा पोट्टा: भाऊ लोक, आमच्या गावात फुटबॉलची टीम हाय, मी मिडफिल्डले खेळतो. स्पेनचा अलोन्सो प्लेयर म्हणून माहीत हाय, 2010 चा वर्ल्ड कप वगैरे, पण रिटायर झाल्यावर एकदम मोठा कोच कसा काय झाला?

वऱ्हाडी_10: एकदम कुठचा बे. 2017 ले जर्मनीच्या बायर्न क्लबमधून रिटायर झाला, मंग रिअल माद्रिद क्लबचे लहान पोट्टे शिकवले, मंग 2019 पासून 3 वर्षं स्पेनच्याच रिअल सोसिएदाद क्लबची बी टीम (दुसऱ्या फळीची), जर्मनीच्या लेव्हरकुसेन क्लबनं 2022 च्या ऑक्टोबरात घेतला तवा टीम खालून दुसरी होती आन 2024 ले एकही मॅच न हारता बुंडेसलिगा (जर्मनीची मोठी लीग) जिंकली, त्या क्लबची पयलीच!!

कापूसवाला: त्याच सीझनले युरोपा लीगच्या (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनलमंदी इटलीच्या अटलांटानं 3-0 नं धुतलं, थे काहून नाई सांगत 😄

वऱ्हाडी_10: थे एकच हारले ना बाप्पा, जर्मन कपबी जिंकलाच की.

नागपूरवाले काका: अरे तो कोणाकोणाच्या हाताखाली खेळला थे पाहा. बेनितेझ, मोरिन्यो, अन्चेलोत्ती, ग्वार्दिओला, सारे मोठे कोच. बापबी मिडफिल्डरच होता. पण मले विचारशील तं बी टीमची 3 वर्षं जास्त कामी आली.

दारव्ह्याचा पोट्टा: मंग आमच्या शाळेतल्या पोट्ट्यायले मीच शिकवू का आता?

कापूसवाला: आधी तुयी पासिंग सुधार बे