बाटलीतलं चॉकलेट दूध आणि आरेची एनर्जी – कोणाकोणाला आठवतंय? या, लिहा!

काचेची जाडजूड बाटली, वर सोड्यासारखं पत्र्याचं बूच, आत थंडगार सुगंधी दूध आणि "बाटली इथेच पिऊन द्यायची हां" असं दरडावणारा स्टॉलवाला. मुंबईत वाढलेल्यांना कळलंच असेल, आरेची एनर्जी! केशर, पिस्ता, वेलची तर सगळ्यांनाच आठवते, पण मला चॉकलेट प्यायल्याचंही स्वच्छ आठवतंय आणि आमचे बंधुराज म्हणतात असलं काही नव्हतंच, तू दुसरीकडे कुठेतरी प्यायली असशील. यावरून गणपतीत घरी चांगलीच जुंपली. मला तरी ती काचेची बाटली कित्येक वर्षांत दिसलेली नाही. तर मंडळी, एनर्जीच पाहिजे असं नाही, लहानपणी बाटलीतून प्यायलेलं आणि आता गायब झालेलं काहीही चालेल. चॉकलेटचं असेल तर मानाचं पान तुम्हाला.

ठाणेकर
अहो एनर्जी म्हणजे आमच्यासाठी प्लॅटफॉर्मच. आजोळी जाताना गाडी यायला वेळ असला की बाबा स्टॉलकडे न्यायचे, पण दोघा भावांत एकच बाटली. स्टॉलवाला बर्फाच्या पाण्यात हात घालून बाटली काढायचा, फडक्याने पुसल्यासारखं करायचा (पुसायचा नाही), काउंटरला ठोकलेल्या ओपनरला लावून टक्क. मानेशी सायीचा बूच बसलेला असायचा, स्ट्रॉ खुपसली की ती सायच अडकायची, मग फुंकर मारून ती आत ढकलायची आणि दूध बुडबुडून वर आलं की आई ओरडणार. स्ट्रॉ कागदाची, मेण लावलेली, अर्ध्यात चपटी व्हायची. आम्ही निम्म्यावर अंगठा धरून ठेवायचो, याच्या खाली गेलास तर बघ. आणि इतकं करून गाडी लागली की उरलेलं घटाघट, कारण बाटली घेऊन गाडीत चढायची सोय नाही. चॉकलेट मी तरी पाहिली नाही. केशर.

गोरेगाव पूर्व
आमची शाळेची ट्रिप दरवर्षी आरे कॉलनीतच, बाईंना दुसरं काही सुचायचंच नाही, छोटा काश्मीर, बोटिंग, डबा खाणे आणि शेवटी प्रत्येकाला एक एनर्जी. ती मिळेपर्यंत लाईन मोडायची नाही या एका धमकीवर अख्खा वर्ग शिस्तीत राहायचा.
जाता जाता एक सांगतो, ही आरे कॉलनी 1949 सालची, आणि ती उभी करणारे दारा खुरोडी. टोन्ड मिल्क हेही त्यांचंच काम, म्हशीच्या दाट दुधात दुधाची पावडर आणि पाणी घालून स्निग्धांश 3 टक्क्यांवर आणायचा म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात. 1963 चं मॅगसेसे कुरियन, त्रिभुवनदास पटेल आणि खुरोडी अशा तिघांना मिळून मिळालं होतं. कुरियन शाळेतल्या पोरालाही माहीत, खुरोडी म्हटलं की लोक विचारतात कोण? असो, विषयांतर झालं.

डेअरीवाली
मी डेअरी टेक्नॉलॉजी शिकलेय म्हणून थोडी भर घालते. बाटलीतलं सुगंधी दूध आधी भरतात, बूच मारतात आणि मग बाटलीसकट वाफेवर तापवतात, शंभर डिग्रीच्या वर. म्हणून ते फ्रीजशिवाय टिकतं आणि म्हणूनच त्याला ती किंचित आटवल्यासारखी, खरपूस चव असते. हल्लीच्या टेट्रापॅकात ती तशी येत नाही कारण तिथे दूध जास्त तापमानाला पण जेमतेम काही सेकंदच तापवतात. म्हणजे तुम्ही सगळे जी चव शोधताय ना, त्यातला बराचसा भाग फ्लेवरचा नाहीच, तापवण्याचा आहे!
आणि चॉकलेटचं दुखणं वेगळं. कोको दुधात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि मग तळाशी बसतो. तो बसू नये म्हणून कॅराजिनन घालतात, समुद्री शेवाळापासून काढलेलं. ते कमी पडलं तर तळाला चिखल, जास्त झालं तर जेली. वेलचीला ही कटकट नाही. त्यामुळे चॉकलेट क्वचित दिसत असेल तर मला नवल वाटणार नाही.

चॉकलेटचा साक्षीदार
तळाला चिखल!! अगदी अगदी. आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटी डेअरी होती, तिचं चॉकलेट दूध यायचं काचेच्या बाटलीत, शेवटचा घोट खरवडून निघत नसे म्हणून आम्ही बाटली उलटी करून तळव्यावर आपटायचो आणि हात चाटायचो. स्टॉलवाल्या काकांनी एकदा पाहिलं, म्हणाले बाटली धुवायचं काम तू घेतलंयस काय रे. डेअरी बंद पडली, काका पण राहिले नाहीत. आरेबद्दल माहीत नाही पण ताई, चॉकलेट दूध बाटलीत मिळायचं एवढी साक्ष मी कुठेही द्यायला तयार आहे.

दिल्लीत वाढलेली
आमचं बालपण करोल बागेतल्या मराठी वस्तीत गेलं. कॅनॉट प्लेसला गेलो की केव्हेंटर्स, मिल्कशेक काचेच्या बाटलीत. 2015 ला ते नव्याने सुरू झालं, आता मॉलमॉलमध्ये दुकानं आहेत, बाटलीपण हौसेने घरी नेता येते. मुलीला घेऊन दिली, तिला आवडली. मला ठीक वाटली. पूर्वी बाटली परत द्यायची असायची म्हणून तिथेच उभं राहून, येणारेजाणारे बघत प्यायला लागायचं, आता पोरं हातात घेऊन चालतात आणि लक्ष फोनमध्ये.

गंगावेशीचा
तुम्हा मुंबईकरांची कीव येते राव. बाटलीतलं दूध काय, वाफेवर काय, शेवाळ काय! आमच्या कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार काढली की फेसासकट ग्लास हातात. बूच नाही आणि ओपनर बी नाही.

ठाणेकर
@गंगावेशीचा, आणि त्यात चॉकलेट फ्लेवर कसा आणता? म्हशीला कोको चारून?

गंगावेशीचा
चारलं असतं, पण ती गूळ खाणारी हाय.

गोल्ड स्पॉट फॅन
दुधाचं नाही पण राहवत नाही. गोल्ड स्पॉट! बुचाच्या आत चित्रं निघायची, ती जमवायला आम्ही पानपट्टीपाशी खाली वाकून बुचं शोधत फिरायचो, दुसऱ्याचं बूच पायाखाली दाबून ठेवायचं म्हणजे तो गेला की उचलायचं. 1993 मध्ये कोकाकोलाने पार्लेचे थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळे ब्रँड घेतले, थम्सअप टिकलं, गोल्ड स्पॉटच्या जागी फँटा आलं. लोक म्हणतात संत्र्याची चव तीच. अजिबात नाही. फँटा पिऊन जीभ तशी केशरी होत नाही, मी आरशात बघितलंय, या वयात, बायकोसमोर.

सुरतकर वहिनी
लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा वाटलं मुंबई सुटली आणि एनर्जीपण सुटली. इथे कोल्ड कोको मिळतो, दाट, बर्फासारखा गार, आणि तो काही गायब वगैरे झालेला नाही, उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता दुकानासमोर गर्दी असते. चॉकलेट दुधासाठी झुरणाऱ्यांनी घरी करून बघा: लिटरभर म्हशीचं दूध, तीन चमचे कोको, गोडीप्रमाणे साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर. कोको आणि कॉर्नफ्लोअर आधी थंड दुधात कालवायचं, गरम दुधात टाकलंत तर गुठळ्या. मंद गॅसवर दहा मिनिटं ढवळत राहा, गाळा, गार करा, मग फ्रीजमध्ये किमान चार तास.

डेअरीवाली
वहिनी, कॉर्नफ्लोअर कोकोला धरून ठेवतं, म्हणजे तुमच्याकडे शेवाळाचं काम कणसाने केलं! दोन चमचे घातलं तर चालेल का? मला अजून दाट आवडेल.

सुरतकर वहिनी
घाला की. फक्त मग स्ट्रॉ आणू नका, चमचा आणा.