गॅरेज रॉकची खरखर येते कुठून?

गॅरेज रॉक म्हणजे साठच्या दशकातल्या हौशी बँडांचं कच्चं, खरखरीत रॉक. एकाने लिहिलंय की त्याचा आवाज म्हणजे निव्वळ वाईट रेकॉर्डिंग, एक फझ पेडल (गिटारचा आवाज फाडणारं पायाने दाबायचं यंत्र) लावलं की झालं काम. अजिबात पटलं नाही.

'द किंग्जमेन' या अमेरिकन बँडचं १९६३चं 'लुई लुई' हे गाणं हेडफोन लावून ऐका. पोर्टलंडच्या स्टुडिओत माइक उंच टांगलेला, त्यामुळे गायक जॅक एली मान वर करून ओरडतोय. गिटार सोलो संपल्यावर तो चुकून लवकर सुरू होतो, थांबतो, आणि ड्रमर लिन ईस्टन झटक्यात ती फट भरतो. चूक तशीच ठेवली. माझ्या मते गाण्यातली सगळ्यात जिवंत जागा तीच!

'द किंक्स' या ब्रिटिश बँडचा गिटारिस्ट डेव्ह डेव्हिसने तर १९६४ मध्ये छोट्या एल्पिको ॲम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने चिरला. चिरलेला कागद फडफडतो, तीच ती गुरगुर.

स्वतः करून बघायचं असेल तर कोन चिरू नका, चीर वाढत जाऊन स्पीकर कामातून जातो. ५ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पचा) आवाज पूर्ण वाढवा आणि खरखर गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने कमी-जास्त करा. सगळे एकाच खोलीत, एकदम वाजवा. ड्रम्सना एकच माइक, ड्रमरच्या डोक्याच्या जरा वर. झांजाच कानावर येत असतील तर माइक किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पुढ्यात, कंबरेच्या उंचीवर आणा. इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचं) लेव्हल मात्र उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. ॲम्पचा आवाज फाटला की गोड लागतो, डिजिटल इनपुटचा फाटला की नुसती कचकच.