मदत हवी आहे: पाठीतल्या पाण्याची एनएमआर तपासणी पेशंटसाठी कुठे होते का?

नमस्कार मंडळी. आमच्या आत्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ॲडमिट आहेत. आधी ताप आणि डोकेदुखी, मग असंबद्ध बोलणं सुरू झालं, परवा तर मलाच "तुम्ही कोण पाव्हणं?" म्हणाल्या. पाठीतलं पाणी (मेंदू आणि मणक्याभोवतीचा द्रव, सीएसएफ) काढलं, त्यात पेशी आणि प्रोटीन वाढलेलं, साखर कमी. जीन एक्सपर्ट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आलं. पण तेवढ्यावरून मेंदूच्या आवरणाचा टीबी नाकारता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी टीबीची औषधं आणि स्टिरॉइड चालू केलंय. ते बरोबरच केलं, औषधं थांबवायचा प्रश्नच नाही.

भाचा केमिस्ट्रीचा. तो म्हणतो, याच पाण्याचं एनएमआर (मोठ्या चुंबकात नमुना ठेवून त्यातली रसायनं ओळखायची तपासणी) केलं तर लॅक्टेट, ग्लुकोज, ग्लुटामिन, सिट्रेट एकाच आलेखात दिसतात. टीबी आणि जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाला आलेली सूज) लॅक्टेट चढतं, व्हायरलमध्ये बहुधा तेवढं नाही. (एमआरआय मशीनमध्ये मेंदूची स्पेक्ट्रोस्कोपी करतात ती वेगळी, ही नळीतल्या पाण्याची.)

लखनौचं सीबीएमआर, मुंबईचं टीआयएफआर या संशोधन संस्थांत एनएमआरची मोठी यंत्रं आहेत. तिथे पेशंटचा नमुना घेतात, की फक्त संशोधनासाठीच? नमुना उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो म्हणे. आमची उरलेली नळी लॅबच्या साध्या फ्रीजमध्ये आहे, ती चालेल का? आणि नुसतं लॅक्टेट कोल्हापुरात कुठली लॅब करते? न्यूरोचे किंवा मायक्रोबायोलॉजीचे कुणी असाल तर कृपया लवकर सांगा. पाणी पुन्हा काढायचं का, हे उद्याच्या राउंडला ठरणार आहे.