छोट्या टॉर्चला एमिटर (उजेड देणारा एलईडी) कुठला घेऊ? ४५०० के की ६५०० के?

दिवाभीत:
मंडळी, कॉन्व्हॉय एस२ प्लस टॉर्च घ्यायची जवळपास ठरलीय, पण एमिटरच्या यादीत अडकलोय. निचिया ५१९ए, एसएसटी-२०, एसएसटी-४०, त्यात परत केल्विनचे आकडे, डोकं भणभणलंय. वापर म्हणाल तर पावसाळ्यात राजमाची, हरिश्चंद्रगड, आणि गावी थ्री फेज रात्री असली की दारं धरायला जायचं. आत्ताची ६५०० केल्विनची आहे, उजेड भरपूर पडतो पण माती, पाचट, दगड सगळं एकाच राखाडी रंगाचं. परवा बांधावर पाचटाचा पुंजका समजून पाय टाकणार तोच तो हलला, घोणस होती राव.

सेलवाला:
डोळे झाकून ५१९ए, ४५०० के. नुसतं केल्विन बघून घेऊ नकोस रे, केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर एवढंच. घोणस का दिसली नाही ते सीआरआयमध्ये आहे, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. ५१९ए ९० च्या वरचा मिळतो, आणि आर९ पण बघ, म्हणजे गडद लाल कसा दिसतो ते, कारण सीआरआयचा आकडा पहिल्या ८ रंगांची सरासरी असतो, त्यात आर९ धरतच नाहीत. तपकिरी मातीवर तपकिरी साप ओळखायचा तर उजेडात लाल हवाच की. एसएसटी-२० चा ४००० के ९५ सीआरआयवालापण चांगला आहे, फक्त कमी मोडवर हिरवट मारतो, मला ते झेपत नाही.

घाटवाट:
सगळं खरं पण लांबचं बघायचं असेल तर ५१९ए हिरमोड करेल, एमिटरवरच्या पारदर्शक घुमटामुळे उजेड पसरतो. पायाखालचं मस्त दिसतं, पण पलीकडच्या विहिरीवरची मोटर चालू आहे का ते इथून बघीन म्हणशील तर नाही जमणार.
आणि धुक्यात पिवळाच घ्या असं कोणी सांगेल, त्यावर जाऊ नकोस. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. समोर पांढरी भिंत दिसते ती हेडलॅम्प डोळ्यांच्या अगदी वर असतो म्हणून. टॉर्च कमरेजवळ धर, मोड कमी कर, वाट दिसते.

दिवाभीत:
मग घुमट काढला तर? डीडोम का काय म्हणतात ते.

सेलवाला:
काढता येतो, झोत आवळतो, उजेड गुलाबीकडे झुकतो, पण लुमेन (एकूण उजेड) घटतात आणि केल्विनपण उतरतं, म्हणून लोक मुद्दाम ५७०० केचा घेऊन सोलतात. मी ब्लेडने काढताना एकाचा फॉस्फर (घुमटाखालचा पिवळा थर) खरवडला, एमिटर कचऱ्यात. पहिल्याच टॉर्चला हा उद्योग नको.

घाटवाट:
+१. लांबचं बघायला नंतर दुसरी घेशीलच, एकीवर कोण थांबलंय इथं 😄

दिवाभीत:
अपडेट. ५१९ए ४५०० के आली. काल रात्री दारं धरताना ओली माती आणि सुकी माती चक्क वेगळी दिसली, पाणी कुठवर पोचलंय ते वाकून बघावं लागलं नाही. पण आण्णांच्या हातात दिली तर म्हणाले, "नवी बॅटरी ना ही? मग पिवळी का पडलीय, सेल उतरलेत बघ."