मदत हवी आहे: दोडामार्ग पट्ट्यातल्या झाडतोडीचा पुरावा कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी, सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरमधे (म्हणजे वन्यप्राण्यांच्या ये-जा करायच्या जंगलपट्ट्यात) हायकोर्टाने 2013 लाच झाडतोडीवर बंदी घातली, 2024 मधे परत तेच बजावलं, तरी आमच्या बाजूच्या डोंगरावर जेसीबी लावून रान साफ करून रबर लावणं चालूच आहे. ऐन, किंजळ आडवे पडलेत, बुंध्यांना आग लावलीय, बघवत नाही. जमीन खाजगी आहे, सातबारा काढलाय. वनखात्याच्या 1926 हेल्पलाइनला फोन केला, लेखी अर्जाची पोचही आहे, पण एका ऑफिसात म्हणतात खाजगी जागा आहे महसूलकडे जा, तिकडे म्हणतात झाडं म्हणजे वनखातं. सेंटिनेल-2 चे आधीचे-नंतरचे सॅटेलाइट फोटो घेतलेत, जागेवरचे जीपीएसवाले पण आहेत. पावसात ढगांमुळे वरून काही दिसत नाही आणि लागवड नेमकी तेव्हाच होते, म्हणून घाई आहे. खाजगी वकील परवडणारा नाही, आणि घर तिथेच असल्यामुळे गावात नाव फुटायला नको.

तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या सर्टिफिकेटचा (डिजिटल पुरावा कोर्टात चालायला लागतं ते) भाग अ मी भरीन, पण भाग ब वर एक्स्पर्टची सही लागते ती सॅटेलाइट फोटोंसाठी कोण देतं? आणि बंदी मोडली हे थेट हायकोर्टापुढे न्यायचं तर कुणामार्फत?