सेवा शिकायला कोलकात्याला कशाला जायचं?

माहुलीकर:
काल इथं कुणीतरी लिहिलं, "गरिबांची सेवा काय असते ते आपल्याला मदर तेरेसांनी शिकवलं." साताऱ्यात राहून? 1924 साली कर्मवीर अण्णांनी याच गावात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. त्या वर्षी तेरेसा स्कोप्येत चौदा वर्षांच्या होत्या! 1929 ला भारतात आल्या, मग कॉन्व्हेंटच्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, 1946 ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांत जाऊन काम करायची देवाची 'हाक' आली. त्यांना 1979 चं नोबेल, 1980 चं भारतरत्न. लक्ष्मीबाईंना काय मिळालं? वर 1994 च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रॉबिन फॉक्स लिहितो, तेरेसांकडं मरणाऱ्यांसाठी जोरकस वेदनाशामकंच नव्हती. बोला आता.

मिरजेची सून:
दादा, मी अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचीच विद्यार्थिनी, लक्ष्मीबाई मला सांगू नका. अण्णांनी जगणाऱ्या पोरांना उभं केलं. 1952 ला कालीघाटच्या देवळाशेजारी तेरेसांचं निर्मल हृदय निघालं ते जगणारच नाहीत त्यांच्यासाठी. त्यांच्यासाठी मंगळसूत्र मोडून काय करणार होता? आणि त्याच लेखात फॉक्सनं तिथली स्वच्छता, जखमा धुणं आणि माया यांचं कौतुक केलंय. तेवढं बरं गाळलंत.

गडकरी_नव्हे_गडी:
सेवा कसली, धर्मांतराचा धंदा सगळा.

हळदकट्टा:
आला का हा! अरे गड्या, सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते, ते नाव कुणाचं? 1894 पासून मिरजेत मिशनचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचं. माझी आजी तिथं बाळंत झाली आणि मरेपर्यंत पंढरीची वारी करत राहिली.
माहुलीकर, तुमच्या वेदनाशामकांचं मात्र मला बोलायचंय. 1999 ला वडिलांना जबड्याचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. सांगलीत नाही, कोल्हापुरात नाही, शेवटी रात्रीच्या एसटीनं पुणं गाठलं. काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. "ते आम्ही ठेवत नाही, भानगड असते." परत आलो तर आई कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांचे ओठ ओले करत बसलेली. शेवटचे नऊ दिवस एवढंच औषध. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ही वेळ आणली, तो सैल व्हायला 2014 उजाडलं. आमच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी असून ही गत, तर फूटपाथवरच्यांना कोण देणार होतं?

माहुलीकर:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण कायदा 1985 चा, निर्मल हृदय 1952 चं. मधली तेहतीस वर्षं? आणि तुमच्याकडं पैसा नव्हता, त्यांच्याकडं जगभरातून येत होता. स्वतःला मात्र 1989 ला पेसमेकर बसवून घेतला.

हळदकट्टा:
पेसमेकर काढता? माझ्या बापाच्या मरणावर हिशेब मांडायला मी ते लिहिलं नव्हतं. तुम्ही आयुष्यात कधी कुणाची बेडसोअर धुतलीय का?

माहुलीकर:
धुतलीय. चुलत्यांची. सात महिने.

मिरजेची सून:
आता दोघंही थांबा जरा. मी नर्स आहे. आमच्या वॉर्डातही मॉर्फिनचं कपाट डबल कुलपात. एका गोळीची नोंद तीन रजिस्टरांत. रात्रपाळीला पेशंट ओरडत असतो आणि आपण सह्या गोळा करत फिरायचं. तेव्हा हळदकट्टा बरोबर. पण तेहतीस वर्षांचं उत्तर माझ्याकडं पण नाही. दुखणं येशूच्या जवळ नेतं असं त्या म्हणायच्या, ते मला कधीच पटलं नाही. दुखणारा माणूस कुणाच्याच जवळ जात नाही हो, तो भिंतीकडं तोंड करून पडतो.

गडकरी_नव्हे_गडी:
म्हणजे मीच बरोबर होतो.

हळदकट्टा:
तू गप.

माहुलीकर:
ठीक आहे. फॉक्सचं कौतुक मी गाळलं, कबूल. पेसमेकरचं बोलणंही मागे घेतो, वेळ आली असती तर मीही बसवून घेतलाच असता. 'शिकवलं' हा शब्द मात्र अजून टोचतोय.
हळदकट्टा, चुलत्यांना आम्ही तुरटीच्या पाण्यानं पुसायचो. तुम्ही?

हळदकट्टा:
कडुनिंबाच्या. पाला उकळून.